अमेरिकेतल्या लहान गावातलं एपिस्कोपल चर्च: इतिहास काय, कामं काय, आणि मुलीने जावं का?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहिते आहे. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना नदीच्या काठच्या एका लहानशा गावी राहतात. जावयाची नोकरी तिथल्या हॉस्पिटलात. मुलगी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, म्हणून सध्या घरीच.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला लाकडी चर्च आहे. पांढऱ्या उभ्या फळ्या, दार लालभडक, आणि बाहेर पाटी की एपिस्कोपल चर्च तुमचं स्वागत करतं. शेजारच्या बाई तिला एका शनिवारी तिथल्या धान्यवाटपाला घेऊन गेल्या आणि आता ती दर शनिवारी जाते. पुढच्या वर्षी त्या चर्चला दीडशे वर्षं होतील. आमची मुलगी इतिहासात एम.ए. आहे हे कळल्यावर तिथल्या लोकांनी तिला विचारलं की जुने कागद लावायला आणि प्रदर्शन मांडायला मदत करशील का. ती अगदी हरखून गेली आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे एपिस्कोपल म्हणजे नेमके कोण? आपल्या इंदूरच्या व्हाईट चर्चशी त्यांचं काही नातं आहे का? दुसरं, अशा लहान चर्चचा इतिहास शोधायचा तर मुलीने कुठे काय बघावं? आणि तिसरं म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना चौऱ्याऐंशीवं चालू आहे. त्या रोज विचारतात, "पोरीला बाटवणार तर नाहीत ना?" त्यांना हसण्यावारी न्यायचं नाही. नीट उत्तर द्यायचं आहे. इथे कोणी त्या मंडळींत प्रत्यक्ष वावरलेलं असेल तर कृपया सांगा.

छावणीवाला

व्हाईट चर्चपुरतं मी सांगतो, त्याच भागात लहानाचा मोठा झालो. सेंट ॲन्स चर्च हे त्याचं नाव, इमारत १८५८ ची. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि पुढच्याच वर्षी हे चर्च उभं राहिलं, हे लक्षात ठेवून बघितलं की ते कोणासाठी बांधलं ते समजतं. रेसिडेन्सीतले साहेब आणि त्यांची कुटुंबं तिथे जायची. म्हणजे मूळचं अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चचं. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं (सीएनआय) आहे. लाल चर्च वेगळं, ते कॅथलिक.

एपिस्कोपल म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन, एवढं मला माहीत आहे. पुढचं सिस्टरबाई सांगतील. त्या इथे अधूनमधून लिहितात.

सिस्टर, जुनं इंदूर

ताई, प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी जन्माने मराठी ख्रिस्ती. माहेर नगरचं, लग्न होऊन इंदूरला आले आणि नोकरीची सगळी वर्षं इथे नर्स म्हणून काढली. मुलगा पेनसिल्व्हेनियात असतो, तुमच्या मुलीच्याच नदीवर, पण बरंच वरच्या अंगाला. निवृत्तीनंतर वर्षातला मोठा काळ मी तिकडे असते आणि तिथल्या एपिस्कोपल मंडळीत रविवारी उपासनेला, शनिवारी पॅन्ट्रीत, म्हणजे धान्यवाटपाला जाते. गावाचं नाव लिहीत नाही. एवढ्याशा गावात माणसं लगेच ओळखू येतात आणि पॅन्ट्रीत येणाऱ्यांची ओळख उघडी पडू नये याबद्दल आम्ही फार जपतो.

आधी इतिहास, कारण तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

अमेरिका ब्रिटिशांची होती तेव्हा तिथलं हे चर्च इंग्लंडच्याच चर्चचा भाग होतं. व्हर्जिनियासारख्या वसाहतीत तर त्याचा खर्च लोकांच्या करातून चालायचा. स्वातंत्र्ययुद्ध झालं आणि हे लोक कात्रीत सापडले. बिशप, म्हणजे अनेक चर्चांवरचा प्रमुख धर्मगुरू हवा, पण बिशपाचा अभिषेक इंग्लंडमध्ये व्हायचा आणि त्यासाठी राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी लागायची. नुकतंच राजाला झुगारून दिलेल्या देशातला माणूस ती शपथ कशी घेणार? कनेक्टिकटच्या पाळकांनी सॅम्युअल सीबरी यांना पाठवलं. इंग्लंडमध्ये जमेना, म्हणून ते स्कॉटलंडला गेले. तिथल्या बिशपांचं राजघराण्याशी आधीच फाटलेलं होतं. त्यांनी १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीनला सीबरींचा अभिषेक केला. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने कायदा बदलला आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट लंडनला जाऊन बिशप होऊन आले. १७८९ साली फिलाडेल्फियात सभा भरली, घटना ठरली, स्वतःचं प्रार्थनापुस्तक ठरलं. तुमच्या मुलीचं चर्च ज्या पंथाचं आहे, त्याची घडी तिच्याच राज्यात बसली, हे तिला जरूर सांगा.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राजा गेला, त्याच्याबरोबर सरकारी पैसाही गेला. इथून पुढे चर्च चालवायचं तर गावातल्या माणसांनीच चालवायचं. आपल्या व्हाईट चर्चचा जन्म नेमका उलटा. इथे पाळकाचा पगार सरकारी तिजोरीतून यायचा. हिंदुस्थानातलं हे अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं ते १ मार्च १९३० ला. नंतर २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांतला एक गट वगैरे सहा प्रवाह एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम १८७७ पासूनचं. ख्रिश्चन कॉलेज त्यांचं, १८८७ चं. डॉ. एलिझाबेथ बीटी यांनी १८८० च्या दशकात इथे बायकांसाठी दवाखाना काढला तोही त्याच मिशनचा. मी नर्स असल्यामुळे त्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तर आज इंदूरच्या सीएनआयच्या घरात अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन अशी दोन्ही रक्तं आहेत, आणि तिकडचे एपिस्कोपल हे त्यातल्या अँग्लिकन बाजूने आपले चुलत भाऊबंद लागतात. तिथल्या प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या) उपासनेला मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पुढचं वाक्य काय येणार हे मला ठाऊक होतं.

गावकऱ्यांनीच चालवायचं म्हणजे कसं, तर व्हेस्ट्री. मंडळीतून निवडून दिलेलं पंचमंडळ म्हणा. वर्षातून एकदा, बहुधा जानेवारीत, सर्वसाधारण सभा होते आणि तिथे निवडणूक. दोन वॉर्डन, एक खजिनदार, एक कारकून, बाकी सभासद. कोणालाही पगार नाही. छप्पर गळलं तर यांनी बघायचं, पाळक बोलवायचा तर यांनी बिशपांच्या संमतीने बोलवायचा. त्या पाळकाला रेक्टर म्हणतात. रविवारी बाकांवर पन्नासच्या आत माणसं असणं हे अशा गावांत आज नेहमीचं आहे, त्यामुळे पूर्णवेळ रेक्टर परवडत नाही. आमच्या रेक्टरबाई दोन गावं सांभाळतात. हो, बाई. १९७६ साली त्यांच्या महासभेने स्त्रियांना पाळकपदाचा मार्ग मोकळा केला. त्याआधी १९७४ मध्ये फिलाडेल्फियातच अकरा जणींनी नियमाची वाट न बघता दीक्षा घेतली होती.

मुलीने काय बघावं याविषयी मला तळमळीने सांगायचं आहे, कारण आमच्या मंडळीचे जुने कागद लावायला मीही बसले होते. प्रदर्शन म्हटलं की सगळे इमारतीकडे वळतात. इमारत चांगलीच आहे. उभ्या फळ्यांची ती लाकडी चर्चं कुठून आली हेही तिने शोधावं. रिचर्ड अपजॉन हा मूळचा इंग्लंडचा सुतारकाम शिकलेला माणूस, न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च त्याने बांधलं. १८५२ साली त्याने लाकडी चर्चचे नकाशे आणि मापं छापून काढली, म्हणजे ज्या गावाला वास्तुविशारद परवडत नाही त्या गावाच्या सुतारालाही चर्च उभारता यावं. तिच्या चर्चचा आराखडा त्या नकाशांच्या वळणाचा आहे का, एवढं तिने पडताळावं.

पण मंडळी कशी जगली ते इमारतीत सापडत नाही. ते सापडतं तीन ठिकाणी. व्हेस्ट्रीची इतिवृत्तं, बाप्तिस्मा-लग्न-दफनाची रजिस्टरं, आणि बायकांच्या मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या. ह्या तिसऱ्या वह्या बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या कपाटात किंवा कोणाच्या तरी माळ्यावर असतात, तेव्हा म्हाताऱ्या बायकांना जाऊन विचारायचं. आमच्याकडे चर्चची पहिली भट्टी, ऑर्गन, तळघराची फरशी, सगळं गोधड्या आणि केक विकून आलेलं निघालं. इतिवृत्तात मात्र पुरुषांची नावं आणि "महिलांचे आभार" एवढी एक ओळ. १९७० पर्यंत ह्या पंथाच्या महासभेत बायकांना प्रतिनिधी म्हणून बसता येत नव्हतं हे लक्षात घेतलं की त्या एका ओळीची किंमत कळते.

दफनाच्या रजिस्टरात तिने ऑक्टोबर १९१८ उघडावं. इन्फ्लुएन्झा. आमच्या वहीत एरवी महिन्याला एखादी नोंद, आणि त्या महिन्यात पानं भरलेली. वयाच्या रकान्यात पंचवीस, एकोणतीस, बत्तीस. एका घरातल्या नवराबायकोची नावं लागोपाठ आहेत. अक्षर मधेच बदलतं, कारण लिहिणारा पाळकही आजारी पडला असावा. त्याच साथीत आपल्या हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. आयुष्यभर वॉर्डात राहून आलेल्या बाईलाही ते पान उलटवत नाही. प्रदर्शनात ठेवायचं असेल तर एवढं एक पान ठेवलं तरी चालेल.

आणि जून १९७२. ॲग्नेस वादळाचा पूर. सस्क्वेहानाकाठच्या कोणत्याही गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, तो तारखेसकट सांगेल. आमच्या चर्चच्या सभागृहात तेव्हा खाटा टाकल्या होत्या आणि गावातले सगळे पंथ तिथे जेवत होते. ज्यांनी खाटा टाकल्या त्यांतल्या दोघी अजून आहेत. तुमच्या मुलीने फोनवर आवाज टिपून घ्यावा, आत्ताच. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

शिवाय बिशपाच्या कचेरीत दरवर्षीच्या अधिवेशनाचे छापील अहवाल असतात. त्यांत प्रत्येक मंडळीचे आकडे मिळतात, किती बाप्तिस्मे, किती प्रभुभोजनाला येणारे, किती वर्गणी. गावात गिरणी किंवा रेल्वेचा कारखाना बंद पडला की ते आकडे कसे उतरतात ते बघावं.

शनिवारच्या कामाबद्दल उद्या लिहिते.

फत्तेगंजचा बडोदेकर

सिस्टर, फार चांगलं लिहिलंत. ताईंच्या सासूबाईंची काळजी वाचून मला पुण्याचं पंचहौद मिशन आठवलं. १८९० साली तिथे चहा दिला गेला म्हणून रानडे-टिळकांसकट कित्येकांवर ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा खटला) चाललं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. तेही अँग्लिकनांचंच मिशन. चौऱ्याऐंशीच्या आजींनी आपल्या आईआजीकडून असंच काहीतरी ऐकलेलं असणार, तेव्हा त्यांची भीती आभाळातून पडलेली नाही.

मी वडोदऱ्यात एका ट्रस्टचे हिशेब बघतो, म्हणून माझा प्रश्न पैशांचा. पन्नास माणसांची मंडळी, अर्धवेळ पाळक, आणि दर आठवड्याला गावाला धान्य. हे कुठल्या पैशावर चालतं?

सिस्टर, जुनं इंदूर

भाऊ, बरं विचारलंत, त्याचंच लिहायला आले होते.

दोन शब्द तिकडे वेगळे आहेत. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम, जिल्ह्या-जिल्ह्यांना पुरवणारं. पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोनात फीनिक्सला निघाली. फूड पॅन्ट्री म्हणजे गावातली वाटपाची जागा, ती चर्चच्या तळघरात किंवा सभागृहात. गोदामाकडून सरकारी कोट्यातलं आणि दुकानांनी दिलेलं धान्य येतं, काही फुकट, काही अगदी नाममात्र दराने. १९९६ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे चांगल्या मनाने अन्न देणाऱ्या दुकानदाराला खटल्याची भीती राहिली नाही, त्यामुळे सुपरमार्केटवाले आदल्या दिवशीची पावं, दूध, भाज्या देतात. म्हणजे धान्याचा मोठा भार मंडळीवर नाही. मंडळी देते ती जागा, वीज, फ्रीज आणि हात.

पण काही गोष्टी पैसे घालूनच आणाव्या लागतात, आणि इथे मला माझी मंडळी फार आवडते. सरकार गरिबांना अन्नासाठी जे कार्ड देतं, त्यावर साबण मिळत नाही. बाळाचे डायपर, सॅनिटरी पॅड, टॉयलेट पेपर, कपडे धुण्याची पावडर, काही नाही. शिजवलेलं गरम जेवणही नाही. मूल ओलं आहे आणि डायपरला पैसे नाहीत, ही काय अवस्था असते ते मी इथे सरकारी वॉर्डातही बघितलं आहे, तिथेही बघितलं. आमच्या व्हेस्ट्रीने ठरवलं की वर्गणीतला पैसा आधी ह्याच वस्तूंवर खर्च करायचा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रांग लांबते, कारण कार्डावरची रक्कम संपलेली असते. त्या शनिवारी डायपरचं टेबल मी सांभाळते. माप विचारायचं, द्यायचं, आणि पिशवीत खाली घालायचं, वर नाही.

वाटप कसं होतं तेही सांगते. पूर्वी भरलेली खोकी द्यायचे. आता लोक दुकानात फिरल्यासारखे फिरतात आणि आपलं आपण निवडतात. राजमा कोणाला नको असतो, कोणाला मिठाचं पथ्य असतं. निवडू दिलं की वाया जात नाही, आणि माणूस मान वर करून येतो. तुमच्या मुलीसारखी एखादी तिथे असली की डाळीचं काय करायचं ते सांगणारं कोणीतरी मिळतं. आमच्याकडे मसुराची पाकिटं पडून राहायची. मी फोडणीच्या आमटीची रीत त्यांच्या भाषेत लिहून टेबलावर ठेवली. जिरं, हळद, लसूण एवढंच, कढीपत्त्याशिवाय. आता ती पाकिटं उरत नाहीत.

पाळकाच्या हातात एक वेगळा निधी असतो, त्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. त्यांच्या नियमातच आहे की महिन्यातल्या एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी ताटात जे सुटं अर्पण येईल, ते गोरगरिबांसाठी रेक्टरच्या हाती द्यायचं. त्यातून कोणाचं हीटिंगचं तेल भरलं जातं, कोणाच्या गाडीचं टायर, कोणाचं एक महिन्याचं भाडं. हिशेब तपासला जातो, पण कोणाला दिलं ते नाव व्हेस्ट्रीलाही कळत नाही. उत्तर पेनसिल्व्हेनियात जानेवारीत घर गरम ठेवता येत नसेल तर म्हातारं माणूस सकाळी उठत नाही. हा निधी जीव वाचवतो, मी नर्स म्हणून सांगते.

बायकांची निळी पेटीही आहे. घरात पुठ्ठ्याची छोटी निळी पेटी ठेवायची, काही चांगलं घडलं की कृतज्ञतेने नाणं टाकायचं. १८८९ पासून चालू आहे. त्या पहिल्या अर्पणातून अलास्कात एक चर्च बांधायला मदत झाली आणि एक बाई जपानला कामासाठी गेली. आजही त्यातून अनुदानं निघतात.

तळघरात आठवड्यातून दोन संध्याकाळी दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या बैठका होतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ ची. तिच्या घडणीत न्यूयॉर्कचे एपिस्कोपल पाळक सॅम्युअल शूमेकर यांचा मोठा वाटा होता, म्हणून ह्या चर्चांचं आणि त्या बैठकांचं जुनं नातं आहे. ते लोक जागेचं थोडं भाडं स्वतः जमवून देतात, फुकट घेत नाहीत, तो त्यांचा दंडक आहे. आम्ही फक्त किल्ली देतो आणि कॉफीचं भांडं स्वच्छ ठेवतो. कोण येतं ते बघत नाही.

आता सासूबाईंचं. ताई, मी ख्रिस्ती आहे, माझ्या श्रद्धेवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि तुमच्याशी गोड बोलून काही लपवणार नाही. त्या लाल दारातून कोणीही आत यावं अशी त्या मंडळीची इच्छा असते. मुलगी रविवारी गेली तर तिचं स्वागत होईल, कॉफीला थांबवून घेतील. पण शनिवारच्या टेबलावर कोणाचा धर्म विचारत नाहीत, प्रार्थनेची अट नसते, धान्य घेणाऱ्याला उपासनेला या असा आग्रह नसतो. आमच्या रांगेत मेनोनाइट ह्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक येतात, कॅथलिक येतात, कशातच विश्वास नसलेले येतात. काम करणाऱ्यांत एक ज्यू आजोबा आहेत. बाप्तिस्मा ही त्या पंथात गंभीर गोष्ट आहे. मोठ्या माणसाने स्वतः मागितला, शिकला, मंडळीपुढे उभा राहून बोलला तरच होतो. चुकून, नकळत, चहाबरोबर होत नाही.

अजून एक सांगते, कारण प्रदर्शनात ते यावं असं मला वाटतं. ह्या पंथाचा इतिहास सगळाच उजळ नाही. १७९३ साली फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. शहरातले ऐपतदार पळाले. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन ह्या दोघा कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी आपल्या लोकांना उभं केलं आणि त्यांनी गोऱ्या आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेतं उचलली. पुढच्या वर्षी जोन्स यांची मंडळी एपिस्कोपल पंथात आली. तरी बिशपक्षेत्राच्या अधिवेशनात त्या मंडळीच्या प्रतिनिधींना बसू द्यायला ह्या चर्चने १८६० चं दशक उजाडू दिलं. ज्यांनी साथीत शहर सांभाळलं, त्यांना! लहान गावातल्या वह्यांतही असं काही असतं, कोणाला मागच्या बाकावर बसवलं, कोणाचं दफन कुंपणाबाहेर झालं. बाकांना भाडं असायचं त्या काळी. भाडं न देऊ शकणारे कुठे बसले ते तिने शोधावं. बाहेरून आलेल्या डोळ्यांना ते चटकन दिसेल.

एडिसनकर

न्यू जर्सीत राहतो, मूळचा ग्वाल्हेरचा, इथे एका सामाजिक संस्थेत कामाला आहे. सिस्टरमावशींच्या बोलण्याला कायद्याची जोड देतो. सरकारी धान्य वाटणाऱ्या संस्थेवर अमेरिकेच्या कृषिखात्याचे नियम लागू असतात. घेणाऱ्याच्या धर्मावरून भेदभाव करता येत नाही, आणि प्रार्थना किंवा प्रवचन ठेवायचंच असेल तर ते वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी, ऐच्छिक. तेव्हा आजींना सांगा की ही फक्त मंडळीची भलमनसाई नाही, नियमही आहे.

व्हिसाचं एक जपा. एच-४ वर असताना विनामोबदला, खरंखुरं स्वयंसेवी काम चालतं. प्रदर्शनासाठी तिला मानधन देऊ केलं तर घेऊ नये, गिफ्ट कार्डही नको. शंका आली तर वकिलाला विचारावं. आणि वह्यांचे फोटो काढण्याआधी व्हेस्ट्रीची परवानगी लेखी घ्यावी. जिवंत माणसांची नावं प्रदर्शनात मांडू नयेत.

राजेंद्रनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. १९१८ चं ऐकून त्या गप्प झाल्या. त्यांच्या वडिलांची पहिली बायको त्याच साथीत धारला गेली होती, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन आज कळलं. मग म्हणाल्या, "डायपर पिशवीत खाली घालते म्हणाली ना ती बाई? मग पोरीला जाऊ दे." आणि लगेच दुसरी चौकशी, तिथे सगळ्यांनी मिळून जेवायचं असतं तेव्हा पोरगी खाणार काय?

मुलगीही विचारते आहे. पुढच्या महिन्यात तिथे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचं जेवण आहे. काय न्यावं? आणि पॅन्ट्रीत घरचं काही नेलं तर चालतं का?

सिस्टर, जुनं इंदूर

आजींना माझा नमस्कार सांगा. धारच्या त्या आठवणीबद्दल मुलीने त्यांच्याशीही बोलावं, जमलं तर तेही टिपून ठेवावं.

पॅन्ट्रीत घरी शिजवलेलं नेऊ नका. आमच्याकडे बंद पाकिटं आणि डबेच घेतात, आणि तारीख बघून. एकत्र जेवणाला मात्र खुशाल न्यावं. साबुदाण्याची खिचडी नको. एक तर थंड झाली की चिकटते, आणि दाण्याचं कूट तिथे धोक्याचं. शेंगदाण्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असलेली मुलं हमखास असतात. बटाट्याची सुकी भाजी आणि छोट्या पोळ्या, किंवा रव्याचा शिरा, काजू न घालता. पोहे नेले तरी चालतील, शेंगदाण्याशिवाय, लिंबू वेगळं. तिखट अर्ध्यावर. भांड्याशेजारी चिठ्ठी ठेवायची, त्यात दूध-तूप, गहू, मोहरी जे काय घातलं असेल ते सगळं मोठ्या अक्षरात लिहायचं. तिच्या खाण्याची काळजी नको, हिरव्या भाज्या, बीन्स, पाव, फळं भरपूर असतात. फक्त सूप आणि बीन्समध्ये डुकराचं मांस घालायची तिकडे पद्धत आहे, तेव्हा ताटात घेण्याआधी ज्या बाईंनी केलं असेल त्यांना विचारावं. त्या आनंदाने सांगतात.

आणि जेवण झाल्यावर भांडी घासायला स्वयंपाकघरात जायला सांगा. बायकांच्या मंडळाच्या जुन्या वह्या कुठे आहेत ते तिथेच कळेल.